शांतव्हाबाई आणि चंद्री म्हैस

बादली भिंतीवर आपटली, तिथून गव्हाणीत जाऊन पडली, आणि डॉक्टर निखिल माझ्या मागे येऊन उभा राहिला. सहा फुटी तरुण. लपायला त्याला सापडलं काय, तर गुडघ्याला पट्टा बांधलेली एक आजी.

“मॅडम, सिडेट करू का?” सिरिंज हातात तयारच होती.

“कोणाला? म्हशीला की तुला?”

तो हसला नाही. लाथ त्याच्या मांडीला चाटून गेली होती, म्हणून मी त्याला माफ केलं.

म्हशीचं नाव चंद्री. कपाळावर पांढरा चांद, म्हणून चंद्री. गाव साक्रीच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत. मी जनावरांची डॉक्टर. सरकारी नोकरीत अर्धा खानदेश पालथा घातला, आता रिटायर होऊन धुळ्यात असते आणि नातवंडांना जंताचं औषध पाजते. निखिल पूर्वी माझ्या हाताखाली इंटर्न होता. आता त्याची स्वतःची प्रॅक्टिस आहे, गाडी आहे, आणि अडलं की फोन करायला मी आहे.

फोनवर तो म्हणाला होता, “मॅडम, म्हैस पान्हा सोडत नाही. ताप नाही, कासेला जखम नाही, चारा खाते. पण हात लावू देत नाही.”

“घर कोणाचं?”

“हिलाल आबांचं.”

“घ्यायला ये,” मी म्हणाले. त्या घराशी माझं जुनं नातं होतं. ते एका बैलामुळे जुळलं होतं. बैलाकडे नंतर येते. आधी म्हैस.

पान्हा म्हणजे काय, ते पिशवीतलं दूध घेणाऱ्यांसाठी सांगते. म्हशीच्या कासेत दूध तयार होतं, पण ते नळासारखं बाहेर येत नाही, वर अडून राहतं. पारडू तोंड लावतं, म्हशीला बरं वाटतं, मग तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा एक रस रक्तात उतरतो आणि दूध खाली येतं. हा पान्हा. जनावर घाबरलं, चिडलं, समोर परकं माणूस आलं, की हा रस येतच नाही. कास भरलेली आणि बादली रिकामी. असं दूध तुंबत राहिलं तर कास सुजते, दगडासारखी कडक होते. त्याला आम्ही मस्टायटिस म्हणतो. तो बळावला की म्हैस हातची गेली.

चंद्री व्याली आणि थोड्याच दिवसांत तिचं पारडू मेलं. तरी ती दूध देत होती, पण फक्त एका माणसाला. हिलाल आबांच्या बायकोला, सुमनआक्काला. आणि मग ऐन थंडीत आक्काच गेली.

आक्का गेल्यावर आबांच्या मुलानं, रवीनं, सोपा रस्ता धरला. कोणाकडून तरी ऑक्सिटोसिनच्या बाटल्या आणल्या आणि दर वेळी दूध काढण्याआधी म्हशीला टोचायला लागला. बाहेरून रस दिला की दूध उतरतं. पण असं रोज टोचणं कायद्यानंही बंद आहे आणि म्हशीलाही वाईट. तिचं शरीर मग आपणहून काही करेनासं होतं. निखिलनं ते बरोबर ओळखलं आणि बंद करायला लावलं. तेव्हापासून चंद्रीनं संप पुकारला होता. चार धारा, की लाथ.

“मॅडम, तुम्हीच इंजेक्शन लिहून द्या ना,” रवी म्हणाला. “सगळे देतात.”

“सगळे हेल्मेट न घालता पण जातात.”

“मग मी येत्या बाजारला विकतो. व्यापारी बघून गेलाय.”

दूध न देणारी म्हैस व्यापारी कशासाठी घेतो, ते मी इथं लिहीत नाही.  गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून बाहेर खाटेवर आबा बसले होते. पांढरी मिशी, डोक्यावर टोपी, ताठ मान. त्यांनी फक्त तोंड दुसरीकडे केलं.

मी जवळ गेले. त्यांनी मला न्याहाळलं. “शांतव्हाबाई उनी का?” म्हणाले. अहिराणीत उनी म्हणजे आली.

आता बैलाकडे यावंच लागेल.

आमच्या कॉलेजात दक्षिणेकडचे एक सर होते. जनावराला हात लावण्याआधी काय करायचं, ते त्यांनी पहिल्याच प्रॅक्टिकलला फळ्यावर लिहिलं होतं. “फर्स्ट सूद, देन टच.” सूद. सावकाराचं नव्हे. एस-ओ-ओ-टी-एच-ई. मी चोपड्याच्या मराठी शाळेतून आलेली. खिशातला छोटा शब्दकोश काढला. त्यात होतं: शांत करणे, सांत्वन करणे, वेदना हलकी करणे. मी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले. मला वाटलं, आलं आपल्याला.

पहिलं पोस्टिंग साक्रीला. माझा कोट असा इस्त्रीचा की बसलं तरी मोडत नव्हता. बॉबकट. गळ्यात स्टेथोस्कोप, तो मी एस.टी.त सुद्धा काढत नसे, न जाणो कंडक्टरला मी मास्तरीण वाटले तर! तिथं एक बैल आला, शिंगाच्या बुडाशी जखम, नाकातून फुरफुर. मला सर आठवले. मी बैलासमोर उभी राहिले, दोन्ही हात पुढे केले, आणि रेडिओवर बातम्या देतात तसल्या मराठीत म्हणाले, “शांत व्हा.”

बैलाला. अहोजाहो.

बैलानं मला उचलून शेणाच्या ढिगात बसवलं. कोटाची इस्त्री तेवढी मोडली. रांगेत शेळी घेऊन एक बाई उभी होती. ती इतकी हसली की दोरी हातातून सुटली आणि शेळी बाजारपेठेत पळाली. “डॉक्टरीन बाई,” ती डोळे पुसत म्हणाली, “त्याले मराठी नही समजस. अहिरानीमा सांगा!”

ती सुमनआक्का. पुढं त्या गावात मी लसीकरणाला गेले की तिचा आवाज आधी यायचा, “शांतव्हाबाई उनी वं!” माझं खरं नाव त्या गावाला अजून माहीत नाही. पण जेवल्याशिवाय तिनं मला कधी सोडलं नाही.

तर तो शब्द. निखिल म्हणत होता सिडेट, मी म्हणत होते सूद. दोन्हीचा मराठी अर्थ लोक एकच सांगतात, ‘शांत करणे’. पण सिडेट म्हणजे गुंगीचं औषध देऊन गप्प करणं. टाके घालायचे असतात, शिंग कापायचं असतं, तेव्हा ते लागतं, मी शेकडो वेळा केलंय. त्यानं डॉक्टरचं काम सोपं होतं. जनावर जागं झालं की त्याचं दुःख त्याच्या आधी उठून बसलेलं असतं. सूद म्हणजे ते दुःखच थोडं उतरवणं. इंग्रजीत तो शब्द रडणाऱ्या बाळाला लावतात, भाजलेल्या कातडीला लावतात, खवखवणाऱ्या घशाला लावतात. खोकल्याच्या गोळ्यांच्या पाकिटावर तो छापलेला असतो, बघा कधी. सिडेटचा डोस जनावराच्या वजनावरून काढता येतो. दुसऱ्याचा काढता येत नाही, म्हणून सर तो एका ओळीत सांगून पुढच्या धड्याकडे वळले असावेत.

“सिरिंज आधी गाडीत ठेवून ये,” मी निखिलला म्हटलं. “ती दिसते म्हणून चंद्री लाथ मारतेय. एवढे दिवस सुईच बघतेय बिचारी.”

सिरिंज गेली. लाथा थांबल्या. मी कास तपासली. गरम नव्हती, गाठ नव्हती, चारही सड मऊ. दूध आत होतं. वेळ होती अजून.

मग नेहमीचे उपाय केले. कोमट पाण्यानं कास धुतली. पुढ्यात सरकीची ढेप ठेवली. रवीला बाहेर काढलं, कारण तो आला की चंद्रीचे कान मागे जात होते. निखिलनं मोबाइलवर बासरी लावली. म्हणाला, परदेशात लावतात. चंद्रीनं ढेप सगळी खाल्ली, बासरी सगळी ऐकली आणि एक थेंब दिला नाही.

“आक्का दूध कशी काढायची?” मी रवीला विचारलं.

“कशी म्हणजे? बसून.”

“कुठल्या बाजूला बसायची? आधी काय करायची? काही म्हणायची का? काय घालायची?”

रवी बायकोकडे बघायला लागला. वैशाली, त्याची बायको, ओसरीवर झोळी हलवत होती. झोळीत त्यांची परी, दात येत असलेली, किरकिरी. वैशाली म्हणाली, “आत्या गोठ्यात कोणाला येऊच द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, म्हैस लाजते.”

इतकी वर्षं त्या घरात दूध निघत होतं आणि ते कसं निघतं, हे एकानंही बघितलेलं नव्हतं. बघितलं नव्हतं, पण ऐकलं होतं एकानं.

“बांगड्या वाजत,” आबा खाटेवरून म्हणाले. “मंग ती बोले. म्हैससंगे. मंग धार वाजे.”

“काय बोलायची?”

 आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

“आबा, मी डॉक्टर आहे. हे औषधासाठी विचारतेय.”

“मले नावं ठेवे,” आबा म्हणाले.

निखिल फस्सकन हसला आणि खोकला आल्याचं नाटक केलं. मी हसले नाही. मला एकदम सगळी केस दिसायला लागली. आक्का रोज दोन वेळा गोठ्याचं दार ओढून घेऊन नवऱ्याच्या कागाळ्या म्हशीला सांगत होती. पारडू गेलेली म्हैस तिचं ऐकत होती आणि पान्हा सोडत होती. कोण कोणाचं काय हलकं करत होतं, ते आक्काला विचारायला हवं होतं. आता उशीर झाला होता.

“आबा,” मी म्हणाले, “आक्काचं एखादं लुगडं आणा. नेसा. आणि तुम्ही बसा दूध काढायला.”

निखिलला वाटलं, मी थट्टा करतेय. थट्टा नव्हती. नोकरीत मी चार-दोन ठिकाणी हे डोळ्यांनी पाहिलंय. घरची बाई बाळंतपणाला किंवा माहेरी गेली की नवरा तिचं लुगडं गुंडाळून म्हशीखाली बसतो. म्हैस ओळखीचा रंग बघते, ओळखीचा वास घेते, तिची भीती जाते, रस उतरतो. पैलवान गडी मी डोक्यावर पदर घेऊन बसलेले पाहिलेत. त्या वेळी दार लावून घेतात, एवढंच.

“लुगडी नाहीत,” रवी खाली बघत म्हणाला.

“एकही?”

“तेराव्यानंतर सगळी वाटून टाकली. भुसावळची ताई आली होती, तिनं आणि आम्ही मिळून. चपला, फणी, पितळी डबा, सगळं हलवलं. फोटो पण माळ्यावर ठेवला. आबांच्या डोळ्यांसमोर काही नको म्हणून. त्रास नको त्यांना.”

आमच्याकडे हे असंच करतात. माणूस गेलं की त्याच्या वस्तू पटापट काढतात, मागच्याचा जीव अडकू नये म्हणून. सगळे मायेनं करतात. हिलाल आबांचं घर त्यांनी मायेनं असं पुसून काढलं होतं की आक्का तिथं राहायची याला पुरावा म्हणून एक म्हैस उरली होती. आणि ती बाजाराच्या वाटेवर होती.

मी ओसरीवर टेकले. गुडघा बोलायला लागला होता. समोर झोळी हलत होती. हिरवट रंग, विटून मेंदीसारखा झालेला, तांबडे काठ. सुती. जाड.

“वैशाली, ही झोळी कशाची गं?”

वैशालीनं झोळी दोन्ही हातांनी धरली. “ही नाही देणार हं मॅडम.”

“आक्काचं लुगडं?”

“परी दुसऱ्या कशात झोपतच नाही. तेव्हा पण सगळी वाटली, ही राहिली. साडीची झोळी करून बघितली, मऊ दुपट्याची केली, रात्रभर रडते. ह्यात टाकलं की पाच मिनिटांत गप. घरात काय ती शांतता आहे ती ह्याच्यावर.”

“म्हैस विकली गेली तर?”

“म्हैस विकली तर मला वाईट वाटेल,” वैशाली म्हणाली. “परी जागी राहिली तर मी मरेन.”

हे उत्तर मला पटलं. मीही दोन मुलं वाढवली आहेत.

“कापा ना मग,” रवी मध्ये पडला. “नऊवारी आहे. अर्धं बाळाला, अर्धं म्हशीला.” तो आत जाऊन कात्री घेऊनही आला. त्याला वाटलं, सुटला प्रश्न.

“फाडू नका.”

आबा खाटेवरून उठून आले होते. त्यांनी झोळीच्या दोरीला हात घातला आणि तसेच उभे राहिले. “फाडू नका तिले,” परत म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. पण रवीची कात्री पाठीमागे गेली.

वैशाली त्यांच्याकडे बघत राहिली. मग मला हळूच म्हणाली, “मॅडम, आत्या गेल्यापासून आबा सारखे झोळीपाशी बसतात. मी म्हणत होते, आजोबांना नातीचा केवढा लळा.”

 परी झोपेत ओठ हलवत होती.

मी झोळी निरखत होते. चष्मा लावून निरखत होते, कारण मला त्या कापडात मधोमध एक आडवी रेघ दिसत होती. जाड दोऱ्याचे, दाट, बारीक टाके. मी बोट फिरवलं.

“अगं, हे दांड घातलेलं आहे.”

निखिलला कळलं नाही. त्याच्या पिढीला कळणारही नाही. लुगडं मधे विरलं की पूर्वीच्या बायका विरलेला भाग काढून टाकायच्या आणि दोन्ही चांगली टोकं मधोमध जोडून घ्यायच्या. त्या जोडाला दांड म्हणतात. माझ्या आईची निम्मी लुगडी दांडाची होती. मला त्याची लाज वाटायची, कॉलेजच्या मैत्रिणी घरी आल्या की मी तिला म्हणायची, पदर पुढं घे गं, दांड दिसतोय. बॉबकट होता ना डोक्यावर, त्याखाली तेवढंच मावत होतं.

“आबा,” मी म्हणाले, “फाडायचं नाही, कापायचं नाही. आक्कानं स्वतः दोन तुकडे जोडलेत. आपण फक्त टाका उसवायचा. उद्या वाटलं तर परत जोडता येतं.”

आबांनी दांडावर बोट ठेवलं. बराच वेळ टाक्यांवरून पुढे-मागे नेलं. मग वैशालीला म्हणाले, “उसव.”

वैशालीनं परीला उचलून रवीच्या खांद्यावर दिलं, झोळी सोडली आणि सुईनं एकेक टाका काढायला बसली. टाके घट्ट होते. “आत्यांचं सगळं असंच,” ती पुटपुटली. “एकदा धरलं की सोडायचं नाही.”

एक तुकडा पुन्हा झोळी झाला, जरा उंचावर टांगलेली, आखूड झोळी. परी त्यात गेली, दोनदा कुरकुरली आणि गप झाली. दुसरा तुकडा घेऊन मी आबांना म्हणाले, “चला.”

सासऱ्याला लुगडं सुनेनं नेसवायचं की मुलानं, हा पेच शास्त्रात कुठं नाही. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. धोतरावरून गुंडाळलं, पदर टोपीवरून घेतला. टोपी काढायला ते तयार नव्हते. बांगड्या त्यांच्या हातात जाईनात, म्हणून वैशालीच्या चार बांगड्या सुतळीत ओवून मनगटाला बांधल्या. पदराखाली पांढरी मिशी. निखिलचा हात खिशाकडे जाताना मला दिसला.

“फोन काढलास,” मी म्हणाले, “तर तुझी इंटर्नशिपमधली मांजराची गोष्ट मी तुझ्या सासुरवाडीला सांगेन.”

फोन खिशातच राहिला.

आबा आत गेले. दार आम्ही ओढून घेतलं, बोटभर फट ठेवून. ती फट वैद्यकीय कारणासाठी होती.

चंद्रीनं मान वळवली. फुंकर मारल्यासारखा वास घेतला. पदर हुंगला, मनगट हुंगलं, मिशी हुंगली. मिशीपाशी ती थोडी थबकली. पण पाय उचलला नाही. आबा उजव्या बाजूला बसले, बादली गुडघ्यांत धरली, कासेला हात लावला. बांगड्या वाजल्या. चंद्री उभी राहिली, अगदी स्थिर.

दूध नाही.

आबांनी आमच्याकडे बघितलं. मी फटीतून म्हणाले, “बोला आबा.”

“काय बोलू?”

“आक्का बोलायची ते.”

“ती मले नावं ठेवे.”

“मग ठेवा.”

आबांनी घसा खाकरला. चंद्रीकडे बघेनात, आमच्याकडे बघेनात, बादलीत बघून बोलायला लागले.

“आज परत भाजीले नाव ठेवं धल्लानी,” ते म्हणाले. धल्ला म्हणजे म्हातारा. “म्हने मीठ कमी शे.”

चंद्रीचा एक कान हलला.

“चष्मा डोकावर, आनि बठ्ठं घर धुंडस. रातभर घोरस. तू नही घोरस इतलं घोरस.”

रवी माझ्या बाजूला तोंडावर हात ठेवून हसत होता. त्याची आई बोलत होती आत, मिशी लावून. तेच शब्द, तीच ओढ. आबांना सगळं पाठ होतं. भिंतीच्या बाहेर बसून इतकी वर्षं ते ऐकत आले होते आणि एकदाही आत जाऊन भांडले नव्हते.

“काम ना धाम, खाटवर बठी ऱ्हास. पोरीना घर भुसावळले जाऊत म्हनं, ते म्हने कपाशी वेची लेऊत, मंग जाऊ.” इथं आबा थांबले. हात थांबला नाही. “कपाशी काय, दर साल येस. मंग राहीच गयं ते.”

रवीचं हसणं थांबलं होतं.

आणि बादलीत आवाज झाला. आधी एक बारीक चुर्र. मग दुसरी. मग दोन्ही हातांनी, एकामागून एक, भरघोस. कोरड्या पत्र्यावरचा आवाज आणि दुधात दूध पडतानाचा आवाज वेगळा असतो. पहिला हळूहळू दुसऱ्यात गेला. चंद्रीनं मान खाली घातली आणि रवंथ करायला लागली. जनावर रवंथ करायला लागलं की डॉक्टरनं घरी जायला हरकत नाही.

मी गेले नाही. कारण आबा बोलायचे थांबले नाहीत. भाजी झाली, घोरणं झालं, गावातल्या चार लोकांचं झालं. मग आवाज जरा खाली आला.

“आनि ती शांतव्हाबाई उनी शे,” ते चंद्रीला सांगत होते. “तिनी मले लुगडं नेसाडं. मिशीसकट. तू असती ना, हसी हसी मरती.”

हे शेवटचं ते म्हशीला म्हणाले नव्हते. मी दाराची फट लावून घेतली.

ते बाहेर आले तेव्हा बादलीवर फेस होता. पदर डोक्यावर तसाच. त्यांनी बादली वैशालीच्या हातात दिली आणि लुगडं सोडून, नीट घडी करून, गोठ्यातल्या खुंटीला लावलं. रवी अंगणाच्या टोकाला जाऊन फोनवर बोलत होता. “नाही भाऊ, म्हैस नाही द्यायची. नाही. पैशाचा प्रश्न नाही.” येताना त्यानं माळ्यावर शिडी लावली. आक्काचा फोटो खाली आला. पुसून भिंतीवर लागला, तोही कोणी काही न सांगता.

पुढची ट्रीटमेंट साधी होती. काही दिवस आबांनी काढलं. मग वैशाली त्यांच्या शेजारी बसायला लागली, मग तिनं लुगडं खांद्यावर घेतलं आणि आबा नुसते शेजारी बसले, मग आबा दाराबाहेर आले. जनावराला सवय अशीच, थोडी थोडी बदलून द्यावी लागते. चंद्री त्या वेतात, म्हणजे त्या व्यायल्यानंतरच्या महिन्यांत, शेवटपर्यंत दुधात राहिली.

मध्यंतरी मी आणि निखिल त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा डोकावलो. संध्याकाळची धार चालू होती. आबा खाटेवर, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून. आतून बांगड्यांचा आवाज आणि वैशालीचं बोलणं. रवीनं काय केलं, काय केलं नाही, आणि सासरेबुवांनी सकाळी चहाला काय नाव ठेवलं.

“आते मले सून नावं ठेवस,” आबा डोळे न उघडता म्हणाले. जरा ऐकलं. “बरी ठेवस. शिकी जाई.”

परत येताना निखिलनं गाडीत विचारलं, “मॅडम, ह्या केसचा मला पेपर करायचाय. ट्रीटमेंटमध्ये काय लिहू?”

“सूद केलं, एवढं लिही.”

“कोणी? कोणाला?”

“ते मला सर पण सांगू शकले नव्हते,” मी म्हणाले. “दोन्ही जागा मोकळ्या सोड. आणि पुढं बघून चालव.”

आजपर्यंत त्याचा तो पेपर कुठं छापून आलेला नाही. माझा सल्ला एवढाच की जनावर असो, माणूस असो, गप्प करण्याची घाई झाली की आधी सिरिंज गाडीत ठेवून यावी. उरलेलं काम बहुतेक वेळा घरातच कुठंतरी टांगलेलं असतं.

घरी येऊन हे सगळं मी आमच्या ह्यांना सांगितलं. पेपर बाजूला ठेवून त्यांनी पूर्ण ऐकलं, असं क्वचित होतं. मग म्हणाले, “आपल्याकडे म्हैस नाही ते बरं.”

“का?”

“माझ्या कागाळ्या ऐकता ऐकता आटली असती गं,” हे म्हणाले. “एवढं दूध कुठून आणणार बिचारी?”